मूठ, चिमूट आणि मनगट: हाताची खेळणी नेमकं काय घडवतात?

टेबलावर लाकडी नट-बोल्टचा डबा उपडा केलेला. एका बाजूला साडेचार वर्षांचा माझा भाचा, समोर त्याची आजी, म्हणजे माझी आई, वय ७३. काम दोघांना एकच: बोल्टवर नट चढवायचा. भाचा नट पाची बोटांनी आवळतो आणि तो फिरवायला खांद्यापासून अख्खा हात वळवतो. कोपर वर जातं, जीभ बाहेर येते, शेवटी तो स्वतःच खुर्चीत तिरका होतो आणि नट जेमतेम अर्धा आटा सरकलेला असतो. आईचं सगळं रीतसर. मनगट स्थिर, बोटं बरोबर जागी, आणि ऐन वेळी नट बोटांतून निसटून टेबलाखाली. "आजी, तू थांब, मी आणतो," म्हणत भाचा खाली. असं तीनदा झाल्यावर आई म्हणाली, "अरे, हातात आहे की सुटलाय तेच कळत नाही मला."

डब्यावर छापलेलं होतं: वय ३ ते ९९.

लहान मुलांच्या खेळण्यांच्या जाहिरातींत 'फाइन मोटर स्किल' हे शब्द हल्ली सर्रास दिसतात. आता ज्येष्ठांसाठीच्या खेळण्यांवरही ते येऊ लागले आहेत. हाताबोटांच्या बारीक, नेमक्या हालचाली करण्याचं कौशल्य असा त्यांचा अर्थ. पुढे आपण नुसतं 'हाताचं कसब' म्हणू. प्रश्न असा की एकाच खेळण्यात अडलेल्या या दोघांची अडचण जर वेगवेगळी असेल, तर तेच खेळणं दोघांच्या उपयोगाचं कसं? उत्तरासाठी आधी हाताच्या आत डोकावावं लागेल.

बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच

डाव्या हाताचा पंजा उजव्या कोपराच्या थोडा खाली, आतल्या बाजूला ठेवा आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. डाव्या तळव्याखाली काहीतरी सुरसुरताना जाणवेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू ते हे. ते राहतात कोपराखाली, काम करतात वीतभर लांब. मधलं अंतर जोडतात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट दोर.

कळसूत्री बाहुली डोळ्यांसमोर आणा. बाहुलीच्या हातात काही ताकद नसते, ओढणारा वर असतो, दोऱ्या खाली येतात. आपल्या पंजाचं बरंचसं तसंच आहे. फरक असा की या दोऱ्यांना वाटेत एक नाकं ओलांडावं लागतं, ते म्हणजे मनगट. हातातल्या २७ हाडांपैकी ८ छोटी हाडं एकट्या मनगटात, दोन रांगांत बसवलेली असतात. त्यांच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे आणि त्यातून ९ कंडरा व एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची स्पर्शाची खबर हाच मज्जातंतू मेंदूकडे नेतो. बोगद्यात दाब वाढला की याच तीन बोटांना आधी मुंग्या येतात, त्याचं कारण हे.

तळहातातही छोटे स्नायू आहेत. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल फुगवटा दिसतो तो त्यांचाच. ढोबळ हिशोब असा ठेवता येईल: जोर कोपराखालच्या मोठ्या स्नायूंचा, बारकावा तळहातातल्या छोट्या स्नायूंचा. खेळणी दोघांनाही कामाला लावू शकतात, पण एकच खेळणं दोघांना सारखं लावत नाही.

मनगट चुकलं की मूठ सुटते

हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच करून बघा. मूठ घट्ट आवळा. आता मूठ आवळलेलीच ठेवून मनगट आतल्या बाजूला, जेवढं वाकेल तेवढं वाकवा. मूठ आपोआप ढिली पडते. कितीही जोर लावा, पहिल्यासारखी आवळता येत नाही. आता उलट करा. हात अगदी सैल सोडा आणि मनगट मागे, पंजाच्या पाठीकडे झुकवा. बोटं न सांगता थोडी मिटतात.

कारण पुन्हा दोऱ्यांचंच. मनगट आत वाकलं की बोटं मिटणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि पाठीवरच्या, बोटं उघडणाऱ्या दोऱ्या ताणल्या जातात. मनगट मागे गेलं की याच्या उलट. मणक्याला इजा होऊन ज्यांची बोटं हलत नाहीत पण मनगट मागे वळवता येतं, अशी माणसं याच युक्तीवर वस्तू उचलतात: मनगट मागे नेलं की बोटं मिटतात, खाली सोडलं की उघडतात.

पकड सर्वांत चांगली बसते ती मनगट साधारण २० ते ३० अंश मागे असताना. पेन धरलेला हात बघा, हातोडी धरलेला हात बघा. मनगट किंचित मागेच असतं. खेळणी निवडताना बहुतेक जण बोटांकडे बघतात. मी म्हणेन, मनगटाकडे बघा. मांडीवर किंवा उंच टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदावर मूल रंगवत असेल तर त्याचं मनगट बहुधा आत मुडपलेलं दिसेल. तोच कागद भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. मनगट आपसूक मागे येतं, खांद्यालाही हात पेलून धरावा लागतो. कागद तोच, खडू तोच, आणि फक्त जागा बदलल्यामुळे व्यायाम वेगळा.

जाता जाता एक गैरसमज. कुलपात किल्ली फिरवताना मनगट फिरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फिरतं कोपर ते मनगट हे अख्खं अंतर. तिथली दोन हाडं एकमेकांवरून कातरीसारखी ओलांडतात, मनगट नुसतं बरोबर जातं. भाच्याला जमत नव्हती ती हीच हालचाल. ती येत नव्हती म्हणून तो खांदा वापरत होता. चावीची खेळणी, झाकणं, नट-बोल्ट, एका वाटीतले मणी दुसऱ्या वाटीत ओतणं हे सगळं या हालचालीसाठी आहे.

नेपियरसाहेबांच्या आधीपासूनची मूठ आणि चिमूट

मराठीने हाताचीच मापं करून ठेवली आहेत: ओंजळभर, मूठभर, चिमूटभर. १९५६ मध्ये जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने हाताच्या पकडींची विभागणी मांडली, आणि तिच्यातले दोन मुख्य प्रकार म्हणजे आपली मूठ आणि चिमूटच. एकीत वस्तू बोटं आणि तळहात यांच्यामध्ये दाबली जाते आणि अंगठा वरून आधार देतो. दुसरीत वस्तू अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये असते, तळहाताचा संबंध येत नाही. नेपियरचा खरा मुद्दा पुढचा आहे: कुठली पकड लागेल हे वस्तूच्या आकारावर कमी आणि कामावर जास्त अवलंबून असतं. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण मुठीने सोडवतो आणि ते सैल झालं की नकळत चिमटीवर येतो. झाकण तेच असतं.

खेळण्यांनाही हे जसंच्या तसं लागू आहे. मातीचा गोळा मुठीत दाबला तर जोराचं काम होतं. त्याच मातीतून वाटाण्याएवढ्या गोळ्या चिमटीत वळल्या तर बारकाव्याचं. "माती खेळायला दिली" एवढ्याने काही कळत नाही. मातीचं काय केलं ते विचारावं.

या दोन पकडींच्या पुढची एक पायरी आहे आणि ती सहसा कोणी मोजत नाही. टेबलावर पाच नाणी पसरा. एका हाताने एकेक उचला आणि आधीची खाली न पाडता तळहातात साठवत जा. मग पाची नाणी, दुसरा हात न लावता, तळहातातून बोटांच्या टोकांपर्यंत आणून एकेक खाली ठेवा. साठवणं सोपं, परत काढणं अवघड. वस्तू हातातल्या हातात सरकवण्याची, फिरवण्याची ही कला शर्टाचं बटण काजात घालताना लागते, पेन धरल्यावर ते बोटांत योग्य जागी आणायला लागते. भाच्याला दोन नाणी जमतात. आईला चार, पाचवं पडतं.

मुलांचा हात: आधी पकडता येतं, सोडता नंतर

नवजात बाळाच्या तळहाताला बोट लावलं की ते मूठ आवळतं. आपल्याला वाटतं बाळ आपल्याला ओळखतं. ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि साधारण ४ ते ६ महिन्यांत ओसरते. मग बाळ वस्तू पंजाने ओढून घेतं आणि ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते. पण हवं तेव्हा, हवं तिथे, हलकेच सोडणं हे याहून कठीण. ठोकळ्यांचा मनोरा हा खरं तर सोडण्याचा खेळ आहे. ठोकळा धरणं वर्षाच्या मुलालाही येतं. खालचा न हलवता वरचा सोडणं येत नाही. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास बरीच मुलं सहाएक ठोकळे रचतात, ते सोडायला शिकल्यामुळे.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत असलेली बरी. जन्मताना मनगटाची आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं कडक व्हायला लागतात, बाकीची वर्षानुवर्षं एकामागून एक, आणि शेवटचं नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. हा क्रम इतका ठरलेला आहे की मुलाच्या हाडांचं वय ठरवायला डॉक्टर हात आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. चार वर्षांच्या मुलाचं मनगट म्हणजे आपल्या मनगटाची छोटी आवृत्ती, असं समजून त्याच्या हातात तासभर पेन्सिल देणं म्हणजे ओल्या भिंतीवर खिळा ठोकणं.

मग द्यायचं काय? मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे. त्याला दहा भोकं, प्रत्येकात बसणारा एक दंडगोल आणि प्रत्येक दंडगोलाला वर छोटी गुंडी. मूल गुंडी तीन बोटांनी धरतं, उचलतं, योग्य भोकात बसवतं. पेन्सिल अजून हातात आलेली नसते आणि तरी पेन्सिलीची तीन बोटं तयार होत असतात. चुकलं तर शेवटचा दंडगोल बसत नाही, त्यामुळे "चुकलास" म्हणायलाही कोणी लागत नाही. हाताच्या खेळण्याची याहून साधी आणि पक्की रचना मला तरी माहीत नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं करता यावीत म्हणून हाताला तयार करणारे तज्ज्ञ, याहून साधी एक युक्ती सांगतात: खडू मोडून द्या. पेरभर लांबीचा तुकडा मुठीत धरायला जागाच उरत नाही, चिमूट करावीच लागते. नव्या कोऱ्या खडूंची पेटी मोडताना आपला जीव खालीवर होतो, मुलाचं काहीच बिघडत नाही.

दोन्ही हातांना वेगवेगळं काम देणारे खेळही हवेत. मणी ओवताना एक हात दोरा ढकलतो, दुसरा मणी स्थिर धरून वेळेवर पकड बदलतो. कागद कापताना कात्रीच्या हातापेक्षा कागद फिरवणारा हात जास्त हुशारी करतो. आणि बोटांनी फिरवायचा छोटा भोवरा: अंगठा-तर्जनीची एक झटकन उलटी सरक, बस. तो फिरला की नाही हे लगेच दिसतं, म्हणून मुलं शंभरदा करतात.

आजीचा हात: नवं शिकायचं नाही, निसटतंय ते धरायचं

उतारवयात हाताचं काय होतं याला लोकांचं ठरलेलं उत्तर "ताकद कमी होते". ते खरं आहे. पकडीचा जोर बहुतेकांचा पन्नाशीनंतर उतरत जातो. वयाबरोबर स्नायू झडण्याला १९८९ पासून 'सार्कोपेनिया' हे नाव आहे, आणि ते ओळखण्याच्या खुणांत पकडीचा जोर पहिल्या काहींत येतो. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेली सीमा पुरुषांसाठी २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांसाठी १८ किलोच्या खाली अशी आहे.

पण आईची तक्रार आठवा. "सुटलाय तेच कळत नाही." हा जोराचा प्रश्न नाही, स्पर्शाचा आहे. वयानुसार बोटांच्या टोकांवरची हलका स्पर्श आणि घसरण टिपणारी संवेदना मंदावते. मग हात सावधगिरी म्हणून काय करतो? गरजेपेक्षा जास्त जोराने धरतो. ज्येष्ठ माणसं हलकी वस्तूही तरुणांपेक्षा जास्त आवळून धरतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. निसरड्या रस्त्यावर आपण पाय रोवून चालतो तसं. त्याने हात लवकर दमतो आणि सांध्यांवर भार येतो.

म्हणून ज्येष्ठांच्या खेळण्यात मला आधी हवा असतो स्पर्श. कापडी पिशवीत वेगवेगळ्या आकाराची लाकडी शिल्पं किंवा सोंगट्या घालून न बघता हवी ती ओळखून काढणं. खरखरीत, गुळगुळीत, मऊ पृष्ठांच्या जोड्या लावणं. पत्ते पिसणं आणि हातात पंख्यासारखे धरणं. जिगसॉ कोडं, मोठ्या तुकड्यांचं. मग येतात वेग आणि जोर.

इथे एक सांधा जपावा लागतो: अंगठ्याच्या बुडाचा, मनगटाला लागून असलेला. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट भार येतो, असं यंत्रशास्त्राच्या हिशोबाने दिसतं. तरफेचा खेळ आहे सगळा. उतारवयात झिजणाऱ्या सांध्यांत हा पुढे असतो, बायकांमध्ये विशेष. तो दुखत असेल तर कडक चिमटे, घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, छोट्या गुंड्या खेचणं ही खेळणी नुकसान करतील. त्याच खेळातली वस्तू जाड करा, धरायची जागा फोम गुंडाळून फुगवा. भार कमी होतो.

आणखी एक, मनाची बाब. आईला मी पहिल्यांदा रंगीत अस्वलं मोजायचा संच दिला होता. तिने तो शांतपणे भाच्याकडे सरकवला. काही दिवसांनी लाकडी फिरकीचं कोडं आणलं, ते मात्र अजून तिच्या उशाशी असतं. हाताला दोन्हींत जवळपास तेच काम होतं.

मग तो दाबायचा चेंडू आणि ग्रिपर?

हात म्हटलं की लोक स्प्रिंगचा ग्रिपर घेतात. मीही घेतला होता. रोज शंभरदा आवळायचो, बोटं मजबूत होतील म्हणून. तीन आठवड्यांत कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली. फिजिओथेरपिस्टने विचारलं, "उघडायचा व्यायाम किती करता?" शून्य.

घोळ असा की मूठ आवळताना मनगट आत कोसळू नये म्हणून पाठीकडचे स्नायू त्याला मागे ओढून धरतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या टोकाला चिकटलेले असतात. मूठ जितकी आवळाल तितका त्यांच्यावर ताण, आणि त्यांना वेगळा सराव कोणी देत नाही. दिवसभर आपण आवळतच असतो: पिशव्या, फोन, दांडे. उघडण्याचं काम विरळा. पाची बोटांच्या टोकांभोवती रबर बँड घालून बोटं पसरणं, मातीच्या कड्यात बोटं घालून ते कडं आतून फुलवणं, हे दिसायला फालतू वाटतं आणि करायला अवघड जातं.

दाबायचा चेंडू मी टाकून द्या म्हणत नाही. बोटं रुततील इतका मऊ घ्या, मनगट मागे ठेवा, आणि दुखायच्या आधी थांबा.

"खेळून खरंच काही होतं का, की नुसता वेळ जातो?"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर जाहिरातींना सोयीचं नाही. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात उतरतो तो दोन्ही कामांत जेवढं साम्य असेल तेवढाच. शंभराहून जास्त वर्षं झाली, हा नियम फारसा हललेला नाही. खुंट्या भोकात बसवायचा सराव केला तर माणूस खुंट्या बसवण्यात तरबेज होतो. त्याचं अक्षर त्यामुळे सुधारेलच असं नाही. मुलांच्या हस्ताक्षरावरच्या उपायांचा एक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नसलेले उपाय त्यात निष्फळ ठरले, आणि वीसपेक्षा कमी सत्रांचेही.

तर मग खेळण्यांचा उपयोग काय? ती जमीन भुसभुशीत करतात, पेरणी वेगळी करावी लागते. बटणाचा खेळ खेळलेल्या मुलाला लगेच स्वतःच्या शर्टाची बटणं लावू द्या, शाळेची बस सुटत नसेल त्या दिवशी. झाकणांचा खेळ खेळलेल्या आजीला घरातली बरणी उघडू द्या, हातातून काढून घेऊ नका.

आजारी हातालाही नेमका व्यायाम लागू पडतो याला चांगला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या सुमारे ४९० रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ताण आणि ताकदीचे हाताचे व्यायाम ठरवून दिलेल्यांचे हात वर्षभरानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगलं काम करत होते. ते व्यायाम खेळ नव्हते, पण खेळात तेच काम दडवता येतं.

"पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की हात बसतोच ना?"

बसतो, पण आपल्याला वाटतं तसा नाही. १९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने अनुभवी कामगाराच्या हातोडीच्या घावांची छायाचित्रं काढून मोजमापं केली. घाव दर वेळी अचूक पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग प्रत्येक घावाला थोडे वेगळे होते. मुरलेला हात दर वेळी तीच हालचाल करत नाही, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो.

खेळणं निवडायला ही कसोटी मला सगळ्यांत कामाची वाटते: याच्यात अडचण बदलता येते का? मोठ्या मण्यांवरून छोट्या मण्यांवर, बघून करण्यावरून न बघता करण्यावर, उजव्यावरून डाव्यावर. २०१७ मध्ये फिजेट स्पिनरची लाट आली होती. एक टिचकी, की तो फिरत राहतो आणि हात बसून राहतो. मन रमतं म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही, कसबाच्या खात्यात मात्र तो जमा होत नाही.

"मोबाइलमुळे पुढच्या पिढीचे हात गेले, असं वाचलं"

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात २० ते ३४ वयाच्या पुरुषांची पकड १९८५च्या मापांपेक्षा कमी भरली, आणि बातम्या झाल्या. अभ्यास छोटा होता, त्यात विद्यार्थ्यांचा भरणा होता; त्यावरून पिढीचा निकाल लावता येत नाही. शारीरिक कामं कमी झाली की पकड उतरणारच, त्याला एकटा मोबाइल कारण नाही. एवढं मात्र कोणीही बघून सांगेल की काचेवर बोट सरकवताना वजन नसतं, घर्षण जवळपास नसतं, वस्तू सुटत नाही आणि मनगटाला काही करावं लागत नाही.

अशीच दुसरी बातमी: पकड मजबूत तर आयुष्य जास्त. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, २०१५ मध्ये, पकड दर ५ किलोने कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असा संबंध दिसला. संबंध खरा आहे, पण पकड इथे तापमापीसारखी आहे. अख्ख्या शरीराची अवस्था ती दाखवते. तापमापी बर्फात बुडवून ताप उतरत नाही, तसं नुसता चेंडू दाबून आयुष्य वाढत नाही.

घरात आणण्याआधी

तीन वर्षांखालच्या मुलासाठी छोट्या भागांची चाचणी जगभर वापरली जाते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू घशात अडकू शकते. नळी नसेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या गुंडाळीतून जाणारं काहीही मुलापासून लांब ठेवा. ती थोडी मोठी असते, म्हणजे चूक झाली तरी सावधपणाच्या बाजूने. छोटी ताकदवान चुंबकं आणि बटणसेल तर घरातच नकोत. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन पदरांना चिमटा काढून भोक पाडतात. बटणसेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. नातवंडं आणि आजी-आजोबा एकाच घरात असतील तर मोठ्यांच्या खेळण्यांनाही हेच नियम.

आणि काही वेळा खेळणं आणायच्या आधी डॉक्टर. दीड वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत मिटलेला ठेवत असेल. येणारी गोष्ट अचानक येईनाशी झाली असेल. मोठ्यांत रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा सपाट होत चालला असेल, हात थरथरत असेल. एका बाजूचा हात एकाएकी लुळा पडला तर डॉक्टरच्या वेळेचीही वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

प्रगती कशी मोजायची

दवाखान्यात नऊ खुंट्यांची एक चाचणी असते: नऊ खुंट्या एका हाताने भोकांत बसवायच्या आणि परत काढायच्या, स्टॉपवॉच लावून. निरोगी प्रौढाला साधारण २० सेकंद लागतात. घरी ती तशीच करायची गरज नाही. जे खेळणं आहे त्यातलंच एक काम ठरवा, महिन्यातून एकदा वेळ लिहून ठेवा आणि मधल्या दिवसांत घड्याळ विसरा.

आमच्याकडे आठ नट चढवायची वेळ कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिली जाते. आई पहिल्या महिन्यात २ मिनिटं ४० सेकंद, परवा २ मिनिटं ५. दोन नट तेव्हाही खाली पडलेच, पण एक पडायच्या आत तिने तळहातात झेलला. भाचा ३ मिनिटं १५ वर आहे. त्याचं कोपर आता टेबलाला टेकलेलं असतं, जीभ मात्र अजून बाहेरच. आजीची वेळ चुकीची मोजली गेली असं त्याचं ठाम म्हणणं आहे, आणि रविवारी पुन्हा मोजायचं ठरलंय.